चार टर्बाइनची रांग : वेक स्टिअरिंगच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी : मांडणी

एकूण सहा टर्बाइन. टी-१ ते टी-४ एका सरळ रांगेत, दोन टर्बाइनमधलं अंतर ५०० मीटर. टी-५ आणि टी-६ रांगेच्या बाजूला, पश्चिमेच्या वाऱ्यात कोणाच्याही वेकमध्ये (टर्बाइनच्या मागे उरणाऱ्या मंद, घुसळलेल्या वाऱ्यात) न येणारी, ती संदर्भासाठी. रोटरचा व्यास १०० मीटर, हबची (पाती जोडलेल्या मध्याची) उंची ९० मीटर, क्षमता २ मेगावॅट, पूर्ण क्षमता गाठते ती साधारण ११ मीटर प्रति सेकंदाला. म्हणजे रांगेतलं अंतर ५ व्यास. हे अंतर तोकडं आहे. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह १ मध्ये ८० टर्बाइन ७ व्यासांवर उभी आहेत, तरी रांगेच्या रेषेत वारा आला की दुसऱ्या टर्बाइनची वीज पहिल्याच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी घसरते.

आपली रांग २५८–७८ अंशांच्या रेषेवर आहे. वारा २५८ वरून आला की टी-१ मोकळ्या वाऱ्यात आणि बाकीची तीन एकामागे एक वेकमध्ये. काम एवढंच : या अरुंद पट्ट्यात चौघांची मिळून वीज वाढवायची. एकेका टर्बाइनची वीज कमी झाली तरी चालेल, बेरीज वाढली पाहिजे.

९ जानेवारी : कोणता उपाय

तीन पर्याय टेबलावर होते.

पहिला, पुढच्या टर्बाइनला थोडं आवरून चालवणं. पात्यांचा पिच (पात्याचा स्वतःच्या अक्षाभोवतीचा कोन) वाढवला की ते वाऱ्यातून कमी ऊर्जा घेतं आणि मागच्याला जास्त उरते. कागदावर हे फार गोड दिसतं. आदर्श चकतीच्या गणितात इंडक्शन (रोटरपाशी वारा किती मंदावतो ते प्रमाण) एक-तृतीयांशावरून पावपर्यंत आणलं तर पुढच्याची वीज फक्त ५ टक्के घटते. जेन्सनच्या १९८३ च्या वेक मॉडेलमध्ये घातलं तर ५ व्यासांवरच्या टर्बाइनला त्याच्या सुमारे दुप्पट परतावा मिळतो. पण त्या मॉडेलमध्ये वेक सगळीकडे सारखाच मंद धरलेला असतो. प्रत्यक्षात सोडलेल्या ऊर्जेचा बराच भाग वेकच्या कडेने निघून मागच्या रोटरच्या बाजूने जातो, आणि वेकची तूट जितकी कमी तितकं बाहेरच्या वाऱ्याशी मिसळणंही मंदावतं. म्हणून प्रत्यक्ष चाचण्यांत हा फायदा जवळजवळ हाती लागत नाही. सोडला.

दुसरा, पिच लयीत हलवून वेक लवकर मोडणं. पिच बेअरिंग सतत फिरत राहतं. या जुन्या यंत्रांवर नको.

तिसरा, पुढच्या टर्बाइनला मुद्दाम वाऱ्याशी तिरकं उभं करून वेक बाजूला सरकवणं. हेच वेक स्टिअरिंग, आणि हाच घेतला. लक्षात ठेवायचा नियम सोपा : नॅसेलचं (टॉवरवरच्या यंत्रघराचं) नाक ज्या बाजूला वळवलं, वेक त्याच बाजूला सरकतो. रोटर वाऱ्याला अक्षाच्या दिशेने मागे रेटतो, त्या रेट्याचा आडवा भाग हवेला नाकाच्या बाजूला ढकलतो. पुढे चिन्हांचा घोळ झाला की याच नियमावर येऊन तपासायचं.

१३ जानेवारी : पाठीमागच्या पानावरचा हिशेब

मोठं मॉडेल चालवण्याआधी हाताने करून पाहिलं. गॉसियन वेक (मध्यावर सर्वांत मंद, कडेकडे निवळत जाणारा), थ्रस्ट गुणांक (रोटरच्या रेट्याचं माप) ०.८, टर्ब्युलन्स (वाऱ्याच्या वेगातला चढउतार) ८ टक्के, अंतर ५ व्यास. वेकची रुंदी सुमारे ०.४३ व्यास येते, मध्यरेषेवर वेगातली तूट ३३ टक्के. वीज वेगाच्या घनावर जाते, म्हणून मध्यरेषेवर उरते ती मोकळ्या वाऱ्यातल्या विजेच्या ३० टक्के. हे फक्त हबच्या बिंदूचं गणित. पूर्ण रोटरवर सरासरी काढली तर चित्र थोडं सौम्य होतं. टर्ब्युलन्स १४ टक्के केला तर तूट १९ टक्क्यांवर येते आणि वीज ५३ टक्के उरते. वेक स्टिअरिंग हे मुख्यतः शांत, स्तरबद्ध हवेचं, म्हणजे रात्रीचं काम आहे हे इथेच दिसतं.

आता टी-१ ला २० अंश तिरकं केलं. वेकचा सुरुवातीचा कल जेमतेम ३ अंश येतो आणि ५ व्यासांवर सरकणं ०.२७ व्यास, म्हणजे २७ मीटर. रोटर १०० मीटरचा आणि वेक सरकला २७. पूर्ण बाजूला काढणं वगैरे शक्य नाही, कड काढता येते इतकंच. त्यासाठी टी-१ ची वीज सुमारे ११ टक्के घटते (कोसाइनचा घातांक १.९ धरून).

टी-१ आणि टी-२ ची बेरीज तीन प्रसंगांत काढली :

वारा अगदी रेषेत, २५८ : बेरीज १ टक्काही धड वाढत नाही.

वारा ३ अंश बाजूला, २६१, आणि वेक जिकडे निघालाच आहे तिकडेच ढकलला : सुमारे १० टक्के वाढ.

वारा २६१ च, पण नाक चुकीच्या बाजूला वळवलं : वेक नेमका टी-२ वर येऊन बसतो, सुमारे ११ टक्के घट.

दहा कमावण्यात आणि अकरा घालवण्यात फरक आहे तो फक्त वारा रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे माहीत असण्याचा, तोही ३ अंशांत. एका टर्बाइनच्या नॅसेलची उत्तर दिशा ५-७ अंश चुकलेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा प्रकल्पाचा पहिला महिना ऑप्टिमायझेशनला नाही, दिशेला द्यायचा.

२० जानेवारी : डेटा

स्काडातून (टर्बाइनच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीतून) १ सेकंदाचे सिग्नल मागवले : वीज, नॅसेलची दिशा, विंड व्हेन (नॅसेलच्या तुलनेत वारा कुठून येतो ते दाखवणारी), नॅसेलवरचा वेग, पिच, रोटरचा वेग, यॉ मोटर (नॅसेल वळवणारी) चालू/बंद, टर्बाइनची स्थिती, ग्रिडकडून आलेली मर्यादा. शेवटचे दोन नसतील तर बाकीचं असून उपयोग नाही. मर्यादेत चालणारं टर्बाइन वेकमधल्यासारखंच दिसतं.

आलेल्या डेटात दोन गोष्टी दुरुस्त केल्या. संग्रह करणारी प्रणाली किंमत बदलली तरच नवी नोंद ठेवते. नॅसेल पायरीपायरीने फिरते, पण वाचताना मधल्या जागा सरळ रेषेने भरल्या जात होत्या, त्यामुळे नॅसेल तासभर संथ सरकत असल्यासारखी दिसे. नॅसेलच्या सिग्नलला शेवटची किंमत पुढे नेण्याची पद्धत लावली. दुसरं, १० मिनिटांच्या तयार सरासऱ्या साध्या बेरजेने काढलेल्या होत्या. ३५९ आणि १ ची सरासरी १८०! दिशेची प्रत्येक सरासरी आता साइन-कोसाइनवरून.

२७ जानेवारी : उत्तर कुठे आहे

वाऱ्याची दिशा म्हणजे नॅसेलची दिशा अधिक व्हेनचं वाचन. व्हेनचं चिन्ह कागदपत्रांवर विश्वास ठेवून न धरता तपासलं : दोन्ही चिन्हांनी टी-२ आणि टी-५ च्या विजेचं गुणोत्तर दिशेनुसार आखलं. बरोबर चिन्हाने वेकचा खड्डा अरुंद आणि खोल होतो, चुकीच्या चिन्हाने पसरट.

मग प्रत्येक टर्बाइनचा शून्य. नकाशावरच्या निर्देशांकांवरून टी-२ कडून टी-१ कडे जाणारी दिशा काढली, ती २५८. टी-१ स्वतःच्या नॅसेलवरून जी दिशा सांगतं तिच्यानुसार टी-२ चा खड्डा कुठे पडतो ते पाहिलं. दोन्हींतला फरक म्हणजे टी-१ ची चूक. उलट बाजूचा वारा, ७८ अंशांचा, घेऊनही तेच केलं, कारण वेकच्या फिरकीमुळे आणि उंचीनुसार दिशा बदलत असल्यामुळे खड्डा स्वतःच एखादा अंश सरकू शकतो. एकाच जोडीवर भिस्त ठेवायची नाही.

आलेल्या चुका : टी-१ ला ४ अंश, टी-३ ला ९, टी-६ ला २, बाकीची अंशाच्या आत. टी-३ ची चूक कायमची नव्हती. टी-३ ची दिशा वजा बाकी पाचांची मध्यक दिशा असा आलेख काढला तर एका दिवशी सरळ उडी दिसते, आणि त्या दिवशीच्या देखभालीच्या नोंदीत यॉ एन्कोडरचं (नॅसेलची दिशा मोजणाऱ्या भागाचं) काम आहे. म्हणून एका टर्बाइनला एकच दुरुस्ती देऊन भागत नाही, तारखेनुसार तुकडे पाडावे लागतात.

कारणं शोधताना आणखी एक सापडलं. उत्तर लावताना होकायंत्र वापरलं जातं. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, आणि पोलादी टॉवरजवळ धरलं तर तेही धड दाखवत नाही. निर्देशांक नकाशाच्या जाळीवरचे असतील तर जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांतही फरक असतो. सगळा हिशेब खऱ्या उत्तरेवर आणला आणि प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत तसं लिहिलं.

३ फेब्रुवारी : व्हेन आणि तिरकेपणाची किंमत

व्हेन रोटरच्या मागे बसलेली असते, तिला लागतो तो पात्यांनी घुसळलेला वारा. टर्बाइन सरळ उभं असताना कारखान्यातली दुरुस्ती पुरते, तिरकं उभं असताना पुरत नाही. टी-१ च्या नॅसेलवर पुढे पाहणारं लायडार (लेसरने वारा मोजणारं यंत्र) बसवलं. व्हेन २० दाखवते तेव्हा लायडार १६-१७ सांगतं, आणि दोन्ही बाजूंना फरक सारखा नाही. यावरून टी-१ साठी व्हेनचा दुरुस्ती तक्ता केला. टी-२ आणि टी-३ ला तोच लावला. यंत्रं एकाच बनावटीची आहेत, तेव्हा हे गृहीत चालेल, पण ते गृहीत आहे अशी खूण तक्त्यातच ठेवली.

नॅसेलवरच्या वेगमापकाचंही तेच. तिरकेपणात तो चुकीचा वेग सांगतो, आणि मग टर्बाइनचा पॉवर कर्व्ह (वेगानुसार विजेचा आलेख) बिघडल्यासारखा किंवा उगाच सुधारल्यासारखा दिसतो. तिरक्या टर्बाइनचा वेग कुठल्याही हिशेबात घ्यायचा नाही. वेग टी-५ आणि टी-६ चा.

तिरकेपणाने वीज किती घटते? यासाठी कोसाइनचा घातांक लागतो. तो १.४ ते ३ यांच्यामध्ये कुठेही धरलेला आढळतो. २० अंशांवर याचा अर्थ ८ टक्के घट किंवा १७ टक्के घट. एवढ्या फरकावर सबंध प्रकल्पाचं उत्तर फिरतं. म्हणून टी-५ ला मोकळ्या वाऱ्यात ±१० आणि ±२० अंशांवर चालवून टी-६ शी तुलना केली, ६ ते ९ मीटर प्रति सेकंदात. घातांक २ च्या आसपास, एका बाजूला किंचित जास्त. गणितात २ धरला.

१२ फेब्रुवारी : मॉडेल

फ्लोरिस वापरलं, वेकचं गणित करणारं सॉफ्टवेअर, अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत तयार झालेलं, खुलं आहे. वेग गॉसियन पद्धतीचा, आणि दुसऱ्या टप्प्याचं वळण चालू ठेवलं. त्याशिवाय रांगेचं उत्तर चुकतं : टी-१ च्या वळलेल्या वेकमधला आडवा प्रवाह टी-२ च्या वेकलाही त्याच बाजूला नेतो, म्हणून टी-२ ला कमी तिरकेपणा पुरतो.

जुळवणी करताना आधी तिरकेपणाशिवायचा डेटा. टर्ब्युलन्सचे तीन गट : ७ टक्क्यांखाली, ७ ते ११, ११ च्या वर. प्रत्येक गटात टी-२, टी-३, टी-४ चे खड्डे मॉडेलशी ताडून वेकच्या पसरण्याचा गुणांक लावला. पहिल्या प्रयत्नात मॉडेलचे खड्डे मोजलेल्यांपेक्षा अरुंद आणि खोल आले. गुणांक फुगवून ते बसवता आले असते, पण ते चुकीचं ठरलं असतं. खड्डा पसरट दिसतो तो वाऱ्याची दिशा सतत हलत असल्यामुळे आणि आपल्या मोजणीतल्या चुकीमुळे. मॉडेलचं उत्तर दिशेच्या ४ अंश प्रमाण विचलनाने पुसट केलं, मग गुणांक मूळच्या किमतीजवळच राहिला. हा फरक महत्त्वाचा आहे. गुणांक फुगवलेलं मॉडेल वेक रुंद समजतं आणि वळवण्याचा फायदा कमी दाखवतं.

१८ फेब्रुवारी : तक्ता

तक्त्याला तीन बाजू : दिशा, वेग, टर्ब्युलन्सचा गट. उत्तर म्हणजे टी-१, टी-२, टी-३ चे कोन. टी-४ नेहमी शून्य, त्याच्यामागे कोणी नाही.

दिशा पक्की माहीत आहे असं धरून ऑप्टिमायझर चालवला तर तो २५८ च्या एका बाजूला पूर्ण कोन आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण उलट कोन देतो. म्हणजे वारा अर्धा अंश हलला की टर्बाइनने ४० अंश फिरायचं. यॉचा वेग ०.३ अंश प्रति सेकंद, त्याला सव्वादोन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ वेक टी-२ वरून झाडू मारल्यासारखा फिरतो. हे चालणार नाही.

दिशेची अनिश्चितता हिशेबात घेतली की कोन आपोआप लहान आणि उतार सौम्य होतात. तरीही पहिल्या टप्प्यात एकच बाजू वापरायचं ठरलं : वारा रेषेपेक्षा जास्त अंशांवर, नाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट. उलट बाजूला शून्य. निम्मी संधी सोडली हे खरं, पण चिन्ह बदलण्याचा प्रश्नच राहिला नाही.

कमी टर्ब्युलन्सच्या गटात, ८ मीटर प्रति सेकंदाला तक्ता असा : २५७ पर्यंत शून्य, २५९ ते २६४ टी-१ ला २०, टी-२ ला १५, टी-३ ला १०, तिथून २६८ पर्यंत उतरत शून्य. वेगात ५ च्या खाली बंद, ११ च्या वर बंद. वर बंद याचं कारण सगळीच पूर्ण क्षमतेजवळ पोचतात, थ्रस्ट घटतो, वाचवायला काही उरत नाही. सर्वांत वरच्या टर्ब्युलन्स गटात तक्ता पूर्ण शून्य. मॉडेल अर्धा टक्का दाखवत होतं, यॉ मोटरची झीज त्यापेक्षा महाग.

२५ फेब्रुवारी : कंट्रोलरशी जोडणी

टर्बाइनच्या यॉ नियंत्रणात हात घातलेला नाही. व्हेनच्या वाचनात ऑफसेट (तक्त्यातला कोन) मिळवला जातो आणि नियंत्रणाला वाटतं की आपण सरळच उभे आहोत. हा मार्ग सोपा, पण त्याने काही संरक्षणं आंधळी होतात. वारा अचानक फिरल्यावर जास्त तिरकेपणामुळे बंद पडण्याची मर्यादा आता खऱ्या कोनावर काम करत नाही. म्हणून सर्व्हरवर वेगळी देखरेख : खरा तिरकेपणा १ मिनिटाच्या सरासरीत ३० अंशांपलीकडे गेला की ऑफसेट शून्य.

बाकीच्या अटी : सर्व्हरकडून ६० सेकंद ठोका (चालू असल्याचा संकेत) आला नाही तर ऑफसेट शून्य. टी-२, टी-३ किंवा टी-४ बंद असेल तर शून्य. ग्रिडची मर्यादा लागू असेल तर शून्य. नॅसेल फिरून टॉवरमधल्या केबलला पडलेली गुंडाळी सोडवण्याच्या उंबरठ्याजवळ असेल तर शून्य. बर्फ, वादळ किंवा देखभालीचा मोड, शून्य. यांतली कुठलीही अट सुटली की लगेच नाही, ५ मिनिटांनी पुन्हा सुरू.

तक्त्यात जाणारी दिशा टी-५ आणि टी-६ ची सरासरी, ६० सेकंदांच्या गाळणीतून. टी-१ ची दिशा फक्त ते सरळ असताना ताडून पाहण्यासाठी.

नियंत्रण कक्षाला आधीच सांगून ठेवलं : टी-१ कमी वीज देतंय असा इशारा येईल, तो खरा आहे, आणि दुरुस्तीची टीम पाठवायची नाही.

४ मार्च : भार

वीज सोडून दुसरी बाजू. तिरक्या रोटरवर पातं प्रत्येक फेरीत वाऱ्याकडे जाताना आणि वाऱ्यापासून दूर जाताना वेगळा भार घेतं, पात्याच्या मुळाशी वाकणं फेरीगणिक वर-खाली होतं. उंचीनुसार वाढणारा वारा हाच परिणाम आधीपासून करतच असतो. एका बाजूच्या तिरकेपणात हे दोन एकमेकांना थोडे खातात, दुसऱ्या बाजूला साचतात. आपली निवडलेली बाजू एरोइलास्टिक (वारा आणि पात्यांचं वाकणं एकत्र धरणाऱ्या) गणनेत सौम्य निघाली. ती निघाली नसती तर बाजू बदलावी लागली असती.

मागच्या टर्बाइनचं जास्त जपावं लागतं. वेक पूर्ण अंगावर असतो तेव्हा वारा मंद पण सर्वत्र सारखा मंद. अर्धा सरकवला की रोटरचा एक अर्धा मंद वाऱ्यात, एक मोकळ्या. टी-२ च्या पात्यांच्या मुळाशी स्ट्रेन गेज (ताण मोजणारे) बसवले, मोजणी आयईसी ६१४००-१३ या भार मोजण्याच्या मानकानुसार. उत्पादकाने दिलेली मर्यादा : २० अंश, वेग १२ च्या वर कधीच नाही. यॉ मोटर किती वेळा सुरू होते याचा रोजचा आकडा वेगळा ठेवतो. तो दुप्पट झाला तर तक्ता सौम्य करायचा.

१७ मार्च : टॉगल सुरू

चालू-बंद असं आलटून पालटून. आज-उद्याच्या तुलनेला अर्थ नसतो, हवा बदलते. कालावधी ७० मिनिटं. तासाभराचा ठेवला असता तर दिवसाचे २४ खंड सम आकड्यात पडून रोज त्याच तासांना चालू आणि त्याच तासांना बंद आलं असतं. रात्र एकाच बाजूला साचली असती. ७० मिनिटांत खंड दिवसागणिक सरकत राहतात.

प्रत्येक खंडाची पहिली १० मिनिटं फेकायची. २० अंश वळायला मिनिटभर, टी-१ चा बदल टी-४ पर्यंत १५०० मीटर पोचायला ८ मीटर प्रति सेकंदाने तीन मिनिटांहून जास्त, वर गाळणीचा उशीर.

२ एप्रिल : कोन पूर्ण मिळत नाही

सांगितलेला कोन २०, लायडारवर सरासरी १३. व्हेनची दुरुस्ती करूनही तूट उरते.

कारण यॉच्या मृतपट्ट्यात आहे. नियंत्रण चूक ८ अंशांपलीकडे गेल्याशिवाय हलत नाही. तक्ता ऑफसेट २-२ अंशांनी चढवत होता. प्रत्येक पायरी मृतपट्ट्यात मुरते आणि टर्बाइन बराच वेळ मागेच राहतं. वारा पट्ट्यातून निघूनही जातो तोवर. उतरतानाही तसंच, म्हणजे नको तेव्हा तिरकं.

मृतपट्टा अरुंद करणं हा उघड उपाय, पण यॉ मोटरच्या सुरू होण्याचा आकडा त्याने लगेच चढतो. त्याऐवजी ऑफसेटच्या फक्त तीन पायऱ्या ठेवल्या : ०, १० आणि २०. उडी १० ची असल्यामुळे मृतपट्टा ओलांडला जातोच. पायरी चढण्याची दिशा आणि उतरण्याची दिशा यांत २ अंशांचं अंतर. टी-२ चे १५ आता २० नाहीत, १० केले. मधल्या टर्बाइनवर जास्त कोनाचा फायदा नाहीतरी सपाट होता. नव्या मांडणीत लायडारची सरासरी १७.

आधीचा चालू-खंडांचा डेटा टाकून दिलेला नाही, पण विश्लेषणात वेगळा ठेवला आहे. दोन्ही एकत्र केले तर कोणत्याच तक्त्याचं उत्तर मिळणार नाही.

२३ एप्रिल : मोजायचं कसं, आणि किती दिवस

पद्धत ऊर्जा-गुणोत्तराची. प्रत्येक दिशा-खणात आणि वेग-खणात रांगेच्या चौघांची ऊर्जा भागिले टी-५ व टी-६ ची ऊर्जा. बंद आणि चालू वेगळं. दोन्हीकडे पुरेसे नमुने असलेलेच खण, आणि दोन्हींना एकच वजन, नाहीतर वाऱ्याचा वाटा बदलल्याचा परिणाम स्टिअरिंगच्या नावावर जमा होतो. हवेची घनता १.२२५ वर आणून. अनिश्चितता बूटस्ट्रॅपने (नमुने पुन्हा पुन्हा उचलून), ९५ टक्के. नमुने सुटे न उचलता अख्खे खंड उचलायचे, कारण एका खंडातली मिनिटं एकमेकांना बांधलेली असतात.

नमुन्यांचा हिशेब करून ठेवला, म्हणजे घाई करणाऱ्यांना दाखवता येईल. हा पट्टा आणि हे वेग मिळून वर्षाच्या २ टक्के वेळ धरला तर महिन्याला १४ तास. निम्मे चालू, निम्मे बंद : प्रत्येकी ७ तास, १० मिनिटांचे ४२ नमुने. ते १ अंशाचे ११ आणि १ मीटरचे ६ अशा ६६ खणांत वाटायचे. अर्थातच भरत नाहीत. म्हणून १ मिनिटाच्या सरासऱ्या आणि २ अंशांचे खण, तरीही कित्येक महिने.

टी-१ ची घट पहिल्याच आठवड्यांत स्पष्ट दिसते, कारण मोकळ्या वाऱ्यात गोंगाट कमी. टी-२ ची वाढ मात्र दिशेच्या हलण्यात बुडालेली असते. या टप्प्यावर कोणी आलेख पाहिला तर प्रकल्प तोट्यात आहे असंच वाटेल. महिन्याचे आलेख फिरवणं बंद केलं. बेरजेचा आकडा आणि त्याची अनिश्चितता एकत्रच जाते.

अपेक्षा कुठे ठेवायची यासाठी छापलेले दोन आकडे पुरेसे आहेत. २०१९ मध्ये अल्बर्टातल्या सहा टर्बाइनच्या रांगेवर, वेकच्याच दिशांत आणि सरासरीजवळच्या वेगांत ७ ते १३ टक्के वाढ मोजली गेली. रात्रीच्या मंद वाऱ्यात ती २८ ते ४७ टक्के. २०२२ मध्ये भारतातल्या एका व्यावसायिक पवनक्षेत्रावर ६ ते ८ मीटर प्रति सेकंदांत ३ टक्के, सगळे वेग धरून १.२ टक्के. पहिले आकडे मथळ्यात येतात. अंदाजपत्रकात दुसऱ्यांसारखेच धरायचे.

७ मे : एन्कोडर

देखभालीत टी-१ चा यॉ एन्कोडर बदलला. बदलल्यावर शून्य पुन्हा लावला गेला, पण टी-५ शी तुलना केली तर ६ अंशांची उडी. टी-१ चा ऑफसेट व्हेनमधून जात असल्यामुळे तिरकेपणा बरोबरच राहतो आणि तक्त्याची दिशा टी-५, टी-६ वरून येते, त्यामुळे स्टिअरिंग बिघडलं नाही. हेच काम टी-५ वर झालं असतं तर तक्ता ३ अंश सरकला असता, दोघांच्या सरासरीमुळे निम्म्यावर येऊन. १३ जानेवारीच्या हिशेबात नेमके तेच ३ अंश आहेत.

आजपासून :

टी-५ आणि टी-६ च्या दिशांत १० मिनिटांच्या सरासरीत ४ अंशांहून जास्त फरक सलग तासभर राहिला तर स्टिअरिंग बंद, आणि टी-१ (सरळ असताना) कोणाच्या बाजूने मत देतं ते पाहायचं.

कुठल्याही टर्बाइनवर यॉ एन्कोडर, यॉ गिअर किंवा केबल गुंडाळीच्या स्विचला हात लागला की देखभालीच्या कार्डावर एक चौकट : "उत्तर तपासली नाही". ती चौकट पुसली जाईपर्यंत सर्व्हर त्या टर्बाइनची दिशा वापरत नाही.

पुसण्याची अट : वेकमध्ये नसलेल्या शेजाऱ्याशी किमान ४८ तासांची तुलना, ५ मीटर प्रति सेकंदाच्या वरचाच वारा धरून, मध्यक फरक १ अंशाच्या आत.

टी-१ ला ६ अंशांची दुरुस्ती आजच्या तारखेपासून लावली. चौकट अजून आहे. टॉगल चालू आहे.